चिलटं, टाकीचं पाणी आणि ९३डी

"प्रोटीन बनवत नाई, त मंग हा आरएनए करते काय, मॅडम?"

जानेवारीतला तास होता, बीएस्सी द्वितीय वर्षाचा. विचारणारी मुलगी बेनोड्याहून एसटीने येते, पहिल्या बाकावर बसते आणि फार कमी बोलते. आरएनए म्हणजे जनुकावरून काढलेली प्रत आणि तिच्यावरून प्रथिन बनतं, एवढं मुलांना माहीत होतं. मी फळ्यावर लिहिलं होतं, 'नॉन-कोडिंग आरएनए : प्रथिनाचा संकेत नसलेला आरएनए'. तिला उत्तर दिलं, "नियंत्रण करतो." तिने वहीत लिहून घेतलं, आणि मला आतून लाज वाटली. नियंत्रण कशाचं, कसं, कुठे, हे मलाच नीट सांगता आलं नसतं. व्याख्येत जे 'नाही' तेवढंच मी शिकवलं होतं. एखाद्या माणसाची ओळख 'हा शेती करत नाही' एवढीच करून द्यावी, तसं ते झालं होतं.

मी वरूड भागातल्या एका महाविद्यालयात तासिका तत्त्वावर प्राणीशास्त्र शिकवते. प्रयोगशाळेत सहा सूक्ष्मदर्शक आहेत, त्यातले चार चांगले. एकावर १०० पटीचं ऑइल इमर्शन भिंग आहे आणि ते मी कुणाला हात लावू देत नाही. पेशीच्या केंद्रकात आरएनए काय बांधतो ते एवढ्यावर मुलांना दाखवता येईल का, या प्रश्नाने मला पुढचे सहा महिने धरून ठेवलं.

पहिला धागा हाताशीच होता. कांद्याच्या मुळाचं टोक आम्ही दरवर्षी ठेचतो आणि पेशीविभाजनाच्या अवस्था दाखवतो. न विभागणाऱ्या पेशीच्या केंद्रकात एक-दोन गोल ठिपके दिसतात, ती केंद्रिका. विभाजन सुरू झालं की ती विरघळते आणि संपलं की पुन्हा दिसू लागते. मुलं 'न्यूक्लिओलस डिसअपिअर्स' असं पाठ करतात आणि पुढे जातात. मीही इतकी वर्षं पुढेच गेले. पण केंद्रिका म्हणजे पातळ पडद्याची पिशवी नव्हे, तिला भिंतच नाही. रायबोसोमचा, म्हणजे पेशीतल्या प्रथिनं बनवणाऱ्या यंत्राचा, आरएनए जिथे तयार होतो, तिथे त्याच्याभोवती प्रथिनं गोळा होतात, आणि तो जमाव म्हणजेच केंद्रिका. आरएनए बनणं थांबलं की तिची घडण मोडते. मक्याच्या गुणसूत्रावरची ती जागा बार्बरा मॅक्लिंटॉक यांनी १९३४ सालीच दाखवून दिली होती. रायबोसोमचा आरएनए स्वतः प्रथिनाचा संकेत वाहत नाही. म्हणजे 'हा करतो काय' याचं एक उत्तर आम्ही दरवर्षी भिंगाखाली ठेवत होतो आणि बघत नव्हतो.

दुसऱ्या तासाला मी हे सांगितलं. ती मुलगी म्हणाली, "पण मॅडम, ते रायबोसोमचं झालं. दुसरे?"

दुसऱ्यांसाठी मला चिलटांकडे जावं लागलं.

ड्रोसोफिला म्हणजे आपल्याकडे पिकल्या केळ्यावर घोंगावतं ते चिलट. त्याच्या अळीच्या लाळग्रंथीत निसर्गाने मोठी सोय करून ठेवली आहे. तिथल्या पेशी विभागत नाहीत, पण गुणसूत्राच्या प्रती काढत राहतात आणि त्या प्रती एकमेकींना चिकटून राहतात. दहा वेळा दुप्पट होता होता हजाराच्या घरात धागे शेजारी शेजारी येतात. एक सूत डोळ्याला दिसत नाही, हजार सुतांची लड दिसते. आमच्या साध्या सूक्ष्मदर्शकातही तिचे काळे-पांढरे पट्टे मोजता येतात. कॅल्व्हिन ब्रिजेस यांनी १९३५ साली या पट्ट्यांचा नकाशा काढला, सगळी गुणसूत्रं मिळून १०२ विभागांचा, आणि गावं ओळखावीत तशा जागा ओळखायची सोय झाली. जिथे जनुक जोरात काम करत असतं तिथे लड सैल होते, कापूस पिंजल्यासारखी फुगते. त्याला पफ म्हणतात. पफमध्ये ताजा आरएनए बनत असतो.

आता उन्हाळ्याची गोष्ट. फेरुच्चिओ रितोसा नावाचे इटालियन संशोधक चिलटांच्या लाळग्रंथींवर काम करत होते. कुणीतरी त्यांच्या उबवणी पेटीचं तापमान वाढवून ठेवलं, आणि त्यांना गुणसूत्रावर कधी न दिसलेले पफ दिसले. १९६२ मध्ये त्यांनी ते प्रसिद्ध केलं. उष्णतेच्या धक्क्याने जागी होणारी जनुकं जगाला अशी कळली. त्यातले बहुतेक पफ पेशीला सांभाळणारी प्रथिनं बनवतात. एक वेगळा निघाला. तिसऱ्या गुणसूत्राच्या उजव्या बाहूवरचा, ९३डी, म्हणजे ब्रिजेसच्या नकाशातल्या ९३व्या विभागातला.

या ९३डीचा पाठपुरावा आपल्या देशात झाला, हे वाचून मला जो आनंद झाला तो सांगण्यासारखा आहे. सुभाष लखोटिया आणि ए. एस. मुखर्जी यांनी १९७० मध्येच नोंदवलं की बेन्झामाइड नावाचं रसायन दिलं तर बाकी पफ गप्प राहतात आणि एकटा ९३डी फुगतो. लखोटिया पुढे बनारस हिंदू विद्यापीठात गेले आणि त्या एका जनुकाच्या मागे अनेक दशकं राहिले. त्या जनुकाचं नाव एचएसआर-ओमेगा. त्यापासून होणारा लांब आरएनए केंद्रकातच राहतो, प्रथिन बनवायला बाहेर जात नाही. २००० साली त्यांच्या गटाने दाखवलं की हा आरएनए केंद्रकात गुणसूत्रांच्या मधल्या मोकळ्या जागेत बारीक बारीक ठिपके करून असतो आणि प्रत्येक ठिपक्यात विशिष्ट प्रथिनं धरून ठेवलेली असतात. त्यांना ओमेगा स्पेकल्स असं नाव मिळालं.

ठरलं मग. ठिपके दाखवता येणार नव्हते, त्याला चमकणारी खूणचिठ्ठी लावलेला आरएनए आणि लाखो रुपयांचा सूक्ष्मदर्शक लागतो. पण ते ज्या जागेवरून निघतात ती जागा दाखवता आली असती.

फेब्रुवारीत मृग बहराची तोड चालू होती. आमच्या घरच्या संत्र्याच्या बगीच्यात गळालेली फळं पडली होती. दोन रिकाम्या बरण्यांत सडकी फोड ठेवली, संध्याकाळपर्यंत चिलटांची झुंबड. मक्याचं पीठ, गूळ, अगर-अगर आणि यीस्ट शिजवून खाद्य केलं. पहिल्या खेपेला बुरशी आली, दुसऱ्या खेपेला नागपूरहून प्रोपिऑनिक ॲसिड मागवून दोन थेंब घातले. अळ्या झाल्या. ग्रंथी काढल्या, स्लाइड झाल्या, लडी सुंदर दिसल्या. आणि नकाशाशी एकही पट्टा जुळेना. आठवडाभर मी स्वतःच्या डोळ्यांना दोष देत होते. मग एका दुपारी नर चिलट भिंगाखाली धरलं तेव्हा उलगडलं. ब्रिजेसचा नकाशा ज्या मेलॅनोगॅस्टर जातीचा, तिच्या नराचं बूड काळं असतं आणि पुढच्या पायाच्या एकाच पेरावर काळ्या दातांची कंगवी असते. माझ्या नरांचं बूड फिकट होतं आणि दात एकापेक्षा जास्त पेरांवर पसरले होते. ती ॲनानासी जात होती. आमच्या बगीच्यातली चिलटं आणि ब्रिजेसचा नकाशा, दोघांची गावंच वेगळी.

एका विद्यापीठातल्या ओळखीच्या मॅडमनी मेलॅनोगॅस्टरच्या दोन बाटल्या दिल्या. मांडीवर घेऊन एसटीने आणल्या. कंडक्टरने विचारलं, "यात काय होय जी?" मी चिलटं म्हटलं तर त्याने तिकीट देता देता पुन्हा एकदा माझ्या तोंडाकडे पाहिलं.

एप्रिल लागला. माझ्या तासिका संपल्या होत्या, पण प्रयोगशाळेची किल्ली परिचर काकांकडे होती आणि त्यांनी कधी नाही म्हटलं नाही. मेलॅनोगॅस्टरला २५ अंश सेल्सिअस मानवतं. तिशीच्या वर गेलं की नर वांझ होतात. आमच्याकडे बाहेर ४३, खोलीत ३८. एसी नाही, दुपारी वीज जाते. काकांनीच मार्ग काढला. मोठा माठ, तळाशी ओली रेती, त्यावर बाटल्या, तोंडाला ओलं गोणपाट, आणि माठाबाहेरूनही गोणपाट गुंडाळून दिवसातून चार वेळा पाणी. आपल्याकडची हवा इतकी कोरडी की पाणी झरझर उडून जातं आणि आत गारवा होतो. थर्मामीटर टाकून पाहिला तर २६. काका म्हणाले, "मॅडम, माणसायले नाई एवढी सोय केली आपण चिलटायची."

मध्येच एकदा दोन दिवस लागून सुट्टी आली आणि माठाला पाणी घालायला कुणी नव्हतं. तिसऱ्या दिवशी उघडलं तर बाटल्यांच्या भिंतींवर अळ्या वाळून चिकटल्या होत्या. घरी नेलेली एक बाटली वाचली होती, त्यावरून पुन्हा सुरुवात केली.

ती मुलगी आणि तिच्याच वर्गातला एक मुलगा परीक्षेचे पेपर नसतील त्या दिवशी यायचे. अळीची ग्रंथी काढणं हे हाताचं काम आहे आणि ते सांगून येत नाही. तिसऱ्या अवस्थेची, बाटलीच्या भिंतीवर चढलेली गुबगुबीत अळी घ्यायची. मिठाच्या पाण्याच्या थेंबात ठेवायची, ०.७ टक्के. एका सुईने अंगाचा मधला भाग दाबायचा, दुसरीने तोंडाचा काळा आकडा धरायचा आणि एकाच हिसक्यात ओढायचं. आतडं, चरबी, मेंदू सगळं बाहेर येतं. त्या पसाऱ्यात दोन लांबट, काचेसारख्या पिशव्या शोधायच्या. कडेला चिकटलेली पांढरी दुधाळ पट्टी म्हणजे चरबी, ती सोडवायची. मुलाचे पहिले अकरा हिसके फुकट गेले. तिने तिसऱ्यातच काढल्या. नंतर म्हणाली, "गहू निवडल्यासारखं हाय, घाई नाई करा लागत." मग ॲसिटो-ऑर्सीन या रंगाचा थेंब, पंधरा मिनिटं. वर काचपट्टी, त्यावर टिपकागद आणि अंगठ्याने सरळ दाब. अंगठा जरा सरकला तर सगळी लड चुरगळते.

उष्णतेच्या धक्क्याला ३७ अंश लागतात, चाळीस मिनिटं. प्रयोगशाळेतला वॉटर बाथ बंद होता. मी भांड्यात नळाचं पाणी घेतलं, गरम करायला स्पिरिटचा दिवा पेटवला आणि थर्मामीटर बुडवला. पारा ४१ वर. गच्चीवरच्या टाकीचं पाणी होतं ते. दिवा विझवला. माठातलं गार पाणी पेल्याने घालत घालत ३७ वर आणलं. नळीत ओल्या कागदावर पाच अळ्या ठेवल्या, नळी पाण्यात धरली, आणि चाळीस मिनिटं आम्ही तिघं पाळीपाळीने थर्मामीटर बघत राहिलो. एक पेला गार, मग थोडं टाकीचं.

पहिल्या दोन स्लाइड बिघडल्या. तिसऱ्यात उजवा बाहू मोकळा पडला होता. मी जुळे पफ शोधत होते, ८७ए आणि ८७सी, शेजारी शेजारी असतात म्हणून खुणेला सोपे. सापडले. दोन्हीकडे लड पिंजलेली, कडा धुरकट. ही एचएसपी-७० ची जागा, सांभाळणारं प्रथिन बनवणारी. तिथून टोकाकडे सरकले. ९१, ९२... आणि ९३डी. पट्टे फाकलेले, मधे फिकट गुलाबी धूसर गोळा, लडीच्या दीडपट रुंद. थंड अळीच्या स्लाइडमध्ये तीच जागा मी आदल्या आठवड्यात रेखाटून ठेवली होती, तिथे एवढं काही नव्हतं. मी खुर्चीवरून उठले आणि त्या दोघांना बसवलं. मुलगा बराच वेळ बघत राहिला. मग म्हणाला, "याले गरम लागलं, ते दिसून राह्यलं का मॅडम हे?" हो, म्हटलं. तेच दिसतं आहे.

९३डी चा आरएनए करतो काय, हे समजावताना मला सगळ्यात जास्त विचार करावा लागला. पेशीत रोज नवा आरएनए तयार होतो. तो धरायला, कापायला, जोडायला प्रथिनांची एक फौज असते. नेहमीच्या दिवशी त्यातली काही ओमेगाच्या ठिपक्यांत थांबलेली असतात आणि गरज पडेल तशी कामावर जातात. उष्णता वाढली की पेशी नेहमीची बहुतेक कामं थांबवते. एचएसपी-७० च्या आरएनएला तर कापाकापी लागतच नाही, त्यात मधले तुकडेच नाहीत. मग ही फौज मोकळी पडते. ती केंद्रकात कुठेही भटकणं पेशीला परवडत नाही. त्याच वेळी ९३डी वर ओमेगाचा आरएनए भराभर वाढतो, पसरलेले ठिपके नाहीसे होतात आणि ती प्रथिनं ९३डी पाशी एका जागी गोळा होतात. ऊन उतरलं की ठिपके पुन्हा पसरतात. आमच्याकडे एप्रिलात सकाळी सहाला वावरात गेलेली माणसं बाराच्या आत बांधावरच्या बाभळीखाली येतात, ती का येतात ते मुलांना सांगावं लागलं नाही. तो आरएनए म्हणजे ती सावली. हे जनुकच नसलेली चिलटं फार थोडी जगतात, आणि जगतात ती अशक्त.

माणसात हे जनुक नाही. पण माणसाच्या पेशीला उष्णता दिली तर नवव्या गुणसूत्राच्या एका जागेवरून, जिथे एरवी शांतता असते, असाच प्रथिन न बनवणारा आरएनए निघतो आणि त्याच्याभोवती प्रथिनं जमून गाठी होतात. दुसरं उदाहरण मला त्याहून आवडलं. सस्तन प्राण्यांच्या केंद्रकात पॅरास्पेकल नावाच्या गोळ्या असतात, २००२ मध्ये त्या ओळखल्या गेल्या. त्या कशावर उभ्या आहेत ते २००९ मध्ये तीन-चार गटांनी जवळजवळ एकाच वेळी दाखवलं. नीट-१ नावाचा आरएनए, लांबी सुमारे २३,००० अक्षरं. तो काढून घेतला की गोळी राहत नाही, प्रथिनं सगळी हजर असली तरी. २०११ मध्ये जिवंत पेशीत हे घडताना पाहिलं गेलं. जनुकावर आरएनए अजून बनतोच आहे, आणि तिथेच प्रथिनं येऊन त्याला लागतात. हे वर्गात सांगताना मी मांडवाचं उदाहरण घेतलं. आधी मुहूर्तमेढ रोवतात, मग मांडव उभा राहतो. बल्ल्या आणि कनाती आणून अंगणात टाकल्या म्हणून मांडव होत नाही. फरक एवढाच की लग्नाच्या मांडवाची मेढ एकदा रोवली की झालं, इथे मेढ सतत नवी रोवत राहावी लागते. आरएनए बनणं थांबवलं तर पॅरास्पेकल विरतो.

मागवलेलं बेन्झामाइड जुलैत आलं. तोवर पाऊस लागला होता, हवा दमट झाली आणि माठाने गारवा देणं सोडलं. पण आता बाहेरच २७ होतं. मुलगी तृतीय वर्षाला गेली होती. ग्रंथी तिनेच काढल्या, बेन्झामाइडच्या द्रावणात काही मिनिटं ठेवल्या, रंगवल्या, दाबल्या. तिसऱ्या गुणसूत्रावर ती ८७ पाशी थांबली आणि म्हणाली, "जुळे नाईत." लड तिथे आवळलेली, पट्टे स्पष्ट. मग तिने स्क्रू अगदी हळू फिरवला. ९३डी फुगलेला होता, एकटाच. ती काही बोलली नाही, फक्त मला जागा करून दिली. १९७० साली नोंदवलेली गोष्ट वरूडजवळच्या एका खोलीत, छपराच्या पत्र्यावर पाऊस वाजत असताना, आमच्या डोळ्यांसमोर होती. माझे डोळे भरून आले आणि भिंग धुरकट झालं.

त्या दिवशी एक ग्रंथी मी मुद्दाम दाबली नाही. न दाबलेल्या ग्रंथीत केंद्रकं अख्खी राहतात. मोठी, गोल, आत वेटोळी घातलेली गुणसूत्रं, एका बाजूला केंद्रिका, आणि या सगळ्यांच्या मधे रिकामी जागा. पाठ्यपुस्तकातल्या चित्रात ती कोरीच सोडलेली असते. मी तिला म्हटलं, ओमेगाचे ठिपके याच जागेत असतात, आपल्या भिंगाला दिसत नाहीत एवढंच.

तिने प्रात्यक्षिक वही उघडली. केंद्रक काढलं, लडी काढल्या, केंद्रिका गिरवली, ९३डी ला बाण दिला. मग टोकदार पेन्सिलीने मधल्या जागेत ठिपके देऊ लागली, आणि थांबली.

"किती काढू, मॅडम?"

"कधीचं केंद्रक काढते आहेस? ऊन लागायच्या आधीचं की नंतरचं?"

तिने जरा विचार केला, पान उलटलं, पट्टीने मधोमध रेघ मारली आणि दोन गोल काढले.